न वापरल्याचा दंड

सुभानराव इंगळ्यांनी उभ्या आयुष्यात बँकेकडून एक रुपया उसना घेतला नव्हता, आणि त्याबद्दल बँकेनं त्यांना दोन हजार तीनशे साठ रुपये दंड केला. नोव्हेंबरच्या दोन तारखेला, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी. वेळ मेसेजमध्येच होती.

त्या वेळी ते बडोद्याच्या लहरीपुऱ्यातल्या आपल्या दुकानात एका भाजीवाल्याचा काटा उघडून त्यातली माती आणि कोथिंबिरीच्या काड्या काढत बसले होते. इंगळ्यांचं दुकान वजनकाट्यांचं. काटे विकायचे, दुरुस्त करायचे आणि वर्षातून एकदा वजनमाप खात्याकडून तपासून, शिक्का मारून आणून द्यायचे. या धंद्यात माणसाला एक खोड लागते. पाच ग्रॅमचा फरक दिसला तरी जिवाला लागतो. इथे तर दोन हजार तीनशे साठ रुपयांचा फरक होता. सुभानरावांनी मेसेज चष्मा लावून वाचला, चष्मा पुसून वाचला, आणि भाजीवाल्याला म्हणाले, "उद्या ये बाबा. आज काट्यात लक्ष नाही."

प्रकरण असं होतं. सहा वर्षांपूर्वी, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, बँकेचे तेव्हाचे मॅनेजर स्वतः दुकानात आले, चहा प्याले आणि म्हणाले, "इंगळेसाहेब, तुमच्यासारख्या माणसाच्या खात्याला ओव्हरड्राफ्ट नाही हे बरं दिसत नाही." ओव्हरड्राफ्ट म्हणजे खात्यात पैसे नसले तरी ठरलेल्या लिमिटपर्यंत काढता येतात. काढाल तेवढ्यावर व्याज, न काढाल तर काही नाही. 'इंगळेसाहेब' म्हणणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून सुभानरावांनी दाखवतील तिथे सह्या केल्या. चार लाखांची लिमिट मंजूर झाली. मॅनेजरांची बदली भरूचला झाली. लिमिट मात्र बडोद्यातच राहिली.

तिला सुभानरावांनी कधी हात लावला नाही. पण लग्नकार्यात चार माणसांत विषय निघाला की ते हळूच सांगायचे, "आपली चार लाखांची लिमिट आहे. पण सहा वर्षांत एक पैसा काढला असेल तर शपथ." मिठाईच्या दुकानात जन्म घालवलेल्या माणसानं आपल्याला मधुमेह नाही असं सांगावं, त्या थाटात.

ते तसेच उठून बँकेत गेले. तिथे धृतिबेन नावाची मुलगी तक्रारींच्या खुर्चीत बसायची. सुभानरावांच्या मुलीपेक्षा, रूपालीपेक्षा, वयानं लहान, बोलायला गोड आणि नियमाला पक्की.

"काका, तमे लिमिट वापरता ज नथी ने!" तिनं कॉम्प्युटरकडे बघत सांगितलं. मग काकांचा चेहरा बघून ती हिंदीवर आली आणि सावकाश समजावू लागली. नियम बदलले होते. दर तीन महिन्यांत लिमिटच्या किमान पाव हिस्सा रक्कम, किमान सलग पंधरा दिवस, वापरलीच पाहिजे. नाही वापरली तर लिमिटच्या अर्धा टक्का चार्ज, वर टॅक्स.

"म्हणजे मी कर्ज घेतलं नाही, हा माझा गुन्हा?"

"गुन्हा नाही काका. पण बँकेनं तुमच्यासाठी चार लाख बाजूला ठेवलेत. ते नुसते पडून राहतात ना."

"कुठे पडलेत? मला दाखवा तरी."

धृतिबेन हसली. सुभानराव हसले नाहीत. "बंद करून टाका ही लिमिट," ते म्हणाले.

बंद करता येत होती. पण मार्चमध्ये नूतनीकरणाच्या वेळी केली तर फुकट, त्याआधी केली तर दोन टक्के आणि टॅक्स, म्हणजे नऊ हजार चारशे चाळीस. सुभानराव खुर्चीतून उठले, पुन्हा बसले, आणि मग खरोखरच उठले.

मांजलपूरच्या त्यांच्या सोसायटीत गेटजवळ एक सिमेंटचं बाकडं आहे. संध्याकाळी तिथे दोन माणसं ठरलेली. एक तळमजल्यावरचे किरीटभाई, ज्यांना शेअर बाजार आणि मोबाइलवरची फसवणूक या दोन विषयांचं अखंड ज्ञान होतं. दुसरे भास्करराव, विद्यापीठाच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचं बोलणं ऐकताना समोर फाइल उघडली आहे असं वाटायचं.

किरीटभाई म्हणाले, "चार लाख काढो, ने शेअरमां नाखो. बँकेचा दंड पण वाचेल ने दोन पैसा पण सुटेल." एवढं सांगून ते जेवायला गेले, कारण त्यांच्याकडे साडेसातला ताट वाढलं जायचं आणि त्यांच्या पत्नी हंसाबेन या बाबतीत बँकेपेक्षा कडक होत्या.

ते गेल्यावर भास्करराव जवळ सरकले. त्यांनी खिशातून लग्नपत्रिकेचं एक पाकीट काढलं आणि त्याच्या पाठीवर हिशेब मांडला. पाव हिस्सा म्हणजे एक लाख. अकरा टक्क्यांनी एक लाखाचं पंधरा दिवसांचं व्याज चारशे बावन्न. दंड दोन हजार तीनशे साठ. "एक लाख काढायचे, पंधरा दिवस ठेवायचे, सोळाव्या दिवशी भरायचे. एकोणीसशे आठ रुपये शुद्ध बचत, आणि तीसुद्धा दर तिमाहीला."

"पण भास्करराव, कर्ज काढायचं?"

"हे कर्ज नव्हे," भास्करराव म्हणाले. "गरज असताना घेतलं तर कर्ज. गरज नसताना घेतलं तर ते व्यवस्थापन."

हे वाक्य सुभानरावांना फार आवडलं. इतकं, की जिना चढताना त्यांनी ते दोनदा मनात म्हणून पाहिलं. भास्कररावांनी दोन सूचना मात्र दिल्या. पैसे आपल्याच दुसऱ्या खात्यात फिरवले तर बँक तो वापर धरत नाही, म्हणून रोख काढायचे. आणि घरात रोख आहे हे कुणालाही सांगायचं नाही.

पाच तारखेला सुभानराव पैसे काढायला गेले. लाखाच्या रकमेला एक फॉर्म होता, आणि त्यात 'रक्कम कशासाठी' असा रकाना. सुभानरावांना खोटं लिहायची सवय नव्हती. त्यांनी लिहिलं, 'दंड टाळण्यासाठी.'

"काका, असं नाही लिहू शकत," धृतिबेन म्हणाली.

"पण खरं तेच आहे."

"खरं आहे, पण सिस्टीममध्ये तो पर्याय नाही. 'धंद्यासाठी' लिहा."

सुभानरावांनी ते खोडून 'धंद्यासाठी' लिहिलं. खाडाखोड झाली म्हणून फॉर्म नवीन भरावा लागला. दुसऱ्या फॉर्मवरची सही सहा वर्षांपूर्वीच्या सहीशी जुळेना, कारण त्या वेळी त्यांनी 'इंगळेसाहेब' या भरात सहीला खाली एक झोकदार रेघ ओढली होती. ती रेघ त्यांना आता काही केल्या जमेना. चौथ्या प्रयत्नाला बँकेनं मान्य केलं की सुभानराव इंगळे ते हेच.

घरी आल्यावर त्यांनी पाचशेच्या दोन गड्ड्या कौशल्याबाईंच्या हातात दिल्या.

"अहो, हे कुणाचे?"

"बँकेचे."

"मग बँकेत का नाही ठेवले?"

"बँकेतच होते. तिथे आहेत म्हणून तर दंड बसतो."

कौशल्याबाईंनी नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला नाही, एवढंच. सुभानरावांनी त्यांना सगळा हिशेब समजावला, लग्नपत्रिकेच्या पाकिटासकट. त्या शांतपणे ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "म्हणजे ज्या पैशाची आपल्याला गरज नाही, तो आपण व्याजानं आणलाय, आणि पंधरा दिवस सांभाळायचाय." ऐकताना हे भास्कररावांच्या मांडणीइतकं बरं वाटलं नाही, पण त्यात चूक काय तेही सुभानरावांना सांगता येईना.

गड्ड्या कपाटात, शालूच्या घडीत गेल्या. आणि त्या दिवसापासून घराला पहारा बसला. कपाटाचं कुलूप जुनं, दाराचं त्याहून जुनं. कौशल्याबाईंनी फर्मान काढलं की पंधरा दिवस दोघांनी एकदम घराबाहेर पडायचं नाही. सुभानराव दुकानात गेले की त्या घरात. त्यांना भाजी आणायची असली की सुभानराव घरी येईपर्यंत भाजी थांबायची. सकाळचं फिरणंही वाटून घेतलं. सहा ते साडेसहा ते, साडेसहा ते सात त्या. कोपऱ्यावर एकमेकांना ओलांडताना बोलायला वेळ नसायचा, कारण मधली दोन मिनिटं घर रिकामं असायचं.

त्यातच सोसायटीच्या सेक्रेटरींच्या मुलीचं रिसेप्शन आलं. कौशल्याबाई सात वाजता गेल्या, जेवून सव्वाआठला परत आल्या, किल्ली दिली, आणि मग सुभानराव गेले. स्टेजवर नवऱ्या मुलाशी हात मिळवताना फोटोग्राफरनं विचारलं, "काकी?" सुभानराव म्हणाले, "त्या येऊन गेल्या." पुढच्या टेबलावर हंसाबेन उंधियूचा घास हातात धरून हे ऐकत होत्या. त्यांनी तो घास खाल्ला, पण पचवला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुरतेला, सुभानरावांच्या लेकीला फोन केला. फिरायला वेगळे, लग्नाला वेगळे, रस्त्यात समोरासमोर आले तरी बोलत नाहीत. "बेटा, आ उमरे आवुं सारुं नहीं."

रूपालीनं आईला फोन केला. "आई, बाबांचं आणि तुझं काही बिनसलंय का?"

आता रोकड घरात आहे हे फोनवर कसं सांगायचं? फोनवरचं बोलणं कोण कोण ऐकतं याविषयी किरीटभाईंनी पूर्वीच भीती घालून ठेवली होती. कौशल्याबाई म्हणाल्या, "तसं काही नाही गं. पंधरा दिवसांचाच प्रश्न आहे."

या उत्तरानं रूपाली इतकी घाबरली, की तिनं ताबडतोब मामाला फोन लावला.

मामा म्हणजे मल्हारराव, कौशल्याबाईंचे धाकटे भाऊ. राहायला नवापुऱ्यात. दोन छोटे टेम्पो होते, त्यावर ते नंदेसरीच्या कारखान्यांचा माल वाहायचे. तेरा तारखेला संध्याकाळी ते दोन्ही बाजू ऐकून घेण्याच्या तयारीनं आले, आणि सोफ्यावर बरोबर मधोमध बसले.

"दाजी, तुम्ही मोठे आहात. पण ताईचंही वय झालंय. या वयात वेगळं होण्यासारखं असं काय झालं?"

सुभानरावांनी कप बशीत ठेवला. चाळीस वर्षांचा संसार आणि शिक्का मारलेली अब्रू, ती आता नवापुऱ्यात चर्चेला गेली होती. भास्कररावांची गुप्ततेची अट एका बाजूला आणि हे दुसऱ्या बाजूला. त्यांनी पारडं बघितलं आणि सगळं सांगून टाकलं. बँक, दंड, पाकीट, शालू. "गरज म्हणाल तर मला त्या पैशाची काडीची नाही," त्यांनी शेवटी ठासून सांगितलं, कारण मेव्हण्याला दाजी कर्जबाजारी झाले असं वाटू नये, हाच त्यांना या क्षणी मुख्य मुद्दा वाटत होता.

मल्हाररावांनी सोफ्याच्या कडेवरचा दोरा ओढत सांगितलं की त्यांच्या एका टेम्पोचं इंजिन बसलंय. गॅरेजवाला लाखाच्या आत हात लावत नाही. टेम्पो उभा आहे, ड्रायव्हर बसून आहे, आणि कारखान्यानं सोमवारपर्यंत दोन्ही गाड्या आल्या नाहीत तर दुसरा माणूस बघू असं कळवलंय.

"वीस तारखेला मला भाड्याचे पैसे येतात, दाजी. तुम्हाला वीसलाच भरायचेत. मधले सात दिवस ते शालूतच तर आहेत."

सुभानरावांनी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की नाही म्हणायला कारणच उरलेलं नाही. पैसे नाहीत म्हणता येईना, ते कपाटात होते. लागणार आहेत म्हणता येईना, लागत नाहीत हे त्यांनीच आत्ता ठासून सांगितलं होतं. कौशल्याबाई फक्त उठून कपाटाकडे गेल्या आणि किल्ली हातात घेऊन नवऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या. असल्या बघण्यापुढे माणसाचं काय चालतं?

वीस तारीख आली. मल्हारराव आले नाहीत. एकवीस तारखेला मेसेज आला, 'दाजी दोन दिवस.' चोवीस तारखेला तोही आला नाही. फोन वाजून वाजून बंद पडायचा.

आता रोजचे तीस रुपये चौदा पैसे चढत होते. सुभानरावांनी हा आकडा काढला तेव्हापासून तो त्यांच्या डोक्यात तासाला सव्वा रुपया या गतीनं चालायला लागला. दुकानात गिऱ्हाइकाशी भाव करताना सव्वा रुपया. स्कूटर सिग्नलला थांबली की दोन पैसे. दुकानातून काढून एक लाख भरावेत, तर सगळी शिल्लक मालात अडकलेली. ज्या माणसानं कधी कर्ज घेतलं नव्हतं तो आता सरळसरळ कर्जात होता, आणि ते 'व्यवस्थापन' नव्हे हे कुणी पाकिटावर लिहून द्यायची गरज नव्हती.

एका रविवारी ते मनाचा हिय्या करून नवापुऱ्यात गेले. वाटेत त्यांनी भाषण तयार केलं. सुरुवात होती, "मल्हारराव, नातं नात्याच्या जागी." मल्हारराव घरी नव्हते, टेम्पो घेऊन नंदेसरीला गेले होते. त्यांच्या बायकोनं सुभानरावांना बसवलं, पोहे केले, चहा केला, मुलीच्या बारावीचं सांगितलं, सासूबाईंच्या गुडघ्याचं सांगितलं. भाषण पोह्यांखाली गेलं. निघताना तिनं पिशवीत तुरीच्या कोवळ्या शेंगा घालून दिल्या. एक लाख आणायला गेलेले सुभानराव एक किलो शेंगा घेऊन घरी आले. सवयीनं त्यांनी त्या काट्यावर टाकल्या. नऊशे ऐंशी ग्रॅम भरल्या.

कौशल्याबाईंनी शेंगा घेतल्या आणि सोलायला बसल्या. "मागितले?"

"तो घरी नव्हता."

"मी मागू?"

"नको. तुझा भाऊ आहे."

"म्हणूनच विचारते." त्यांनी एक शेंग सोलली. "मी मागितले तर त्याला लागेल. नाही मागितले तर तुम्हाला लागतंय. मी कुणाकडून बोलू, तेवढं सांगा."

त्यानंतर घरात बोलणं कामापुरतं राहिलं. आता घरात पैसे नव्हते, पहारा नव्हता, दोघांना एकत्र फिरायला हरकत नव्हती. तरी ते वेगवेगळेच फिरायला जायला लागले. हंसाबेनांनी उगाच उठवलेली अफवा महिन्याभरानं खरी झाली.

याच सुमाराला बँकेचा आणखी एक मेसेज आला. लांबलचक होता, त्यात 'काँग्रॅच्युलेशन्स' होतं आणि शेवटी, नको असल्यास बहात्तर तासांत 'एन' असं उत्तर पाठवा, असं होतं. सुभानरावांनी तो बाकड्यावर किरीटभाईंना दाखवला.

किरीटभाई दचकून मागे सरकले. "हाथ ज नहीं लगाडवानो! काँग्रॅच्युलेशन्स आलं एटले फ्रॉड. तुम्ही 'एन' दाबला ने की खातं साफ!"

सुभानरावांनी उत्तर दिलं नाही. वर तो मेसेज काढूनही टाकला, आणि बरेच दिवसांनी एक काम नीट केल्याचं समाधान मानलं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते व्याज किती चढलं ते विचारायला बँकेत गेले. धृतिबेन त्यांना बघून चक्क उभी राहिली. "अभिनंदन काका! तुम्ही लिमिट वापरायला लागलात ना, म्हणून सिस्टीमनं ती वाढवली. चारची सहा लाख झाली."

"मी कुठे मागितली?"

"मेसेज पाठवला होता. तुम्ही नको म्हणाला नाहीत."

वाढवण्याची फी अकराशे ऐंशी रुपये खात्यातून गेलेली होती. एवढ्यावर संपलं नव्हतं. धृतिबेननं हळुवारपणे सांगितलं की तिमाहीच्या शेवटी जी लिमिट असेल तिच्या पाव हिस्सा वापर लागतो. सहा लाखांचा पाव म्हणजे दीड लाख. सुभानरावांचा एकच लाख होता. म्हणजे पाच आठवडे व्याज भरूनसुद्धा बँकेच्या दृष्टीनं त्यांनी लिमिट वापरलीच नव्हती, आणि आता दंड सहा लाखांवर लागणार होता. तीन हजार पाचशे चाळीस.

त्या संध्याकाळी ते थेट भास्कररावांच्या दारात गेले. भास्कररावांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "सोपं आहे. आणखी पन्नास हजार काढा. आज अकरा तारीख, पंधरा दिवस सहज बसतात."

"भास्करराव," सुभानराव म्हणाले, "तुमच्याही ठेवीवर अशी लिमिट आहे ना? तुम्हाला नाही लागला दंड?"

"लागला ना. छोटी लिमिट आहे, तीनशे चोपन्न रुपये लागले."

"मग तुम्ही काय केलंत?"

"भरून टाकले," भास्करराव म्हणाले. "कोण त्या भानगडीत पडतो!"

सुभानराव वर आले. त्यानंतर अठरा दिवस ते बाकड्यावर बसले नाहीत. पन्नास हजारही काढले नाहीत. आपल्याला अक्कल कमी आहे असं वाटलं तर माणूस सहन करतो, पण दुसऱ्यानं स्वतः न वापरलेली अक्कल आपल्याला वापरायला दिली, हे त्यांना फार लागलं.

एकोणतीस डिसेंबरला दुपारी दुकानासमोर छोटा टेम्पो थांबला आणि मल्हारराव उतरले. वाळलेले दिसत होते. त्यांनी शर्टाच्या आतून एक पिशवी काढली आणि काउंटरवर ठेवली. "एक लाख आहेत, दाजी. आणि हे सोळाशे व्याजाचे. पोरीकडून मोबाइलवर काढून घेतलं, तुम्ही पैसे उचलले त्या पाच तारखेपासून."

सुभानरावांनी भाषणाला सुरुवात केली. "मल्हारराव, नातं..."

"तोंड नव्हतं दाखवायला," मल्हारराव मध्येच म्हणाले. "भाड्याचे पैसे वीसला आलेच नाहीत. थोडे थोडे येत गेले. अर्धे घेऊन तुमच्यासमोर कसा येऊ? फोन वाजायचा तेव्हा मी हातात धरून बघत बसायचो. पण दाजी, गाडी सोमवारी रस्त्यावर आली. काम टिकलं. ड्रायव्हरला दोन पोरं आहेत, त्याचंही टिकलं. तुमचे पैसे मिळाले नसते तर आज दुसरा टेम्पोसुद्धा विकावा लागला असता."

सुभानराव बाहेर उभ्या टेम्पोकडे बघत राहिले. या सगळ्या प्रकरणात पैशानं एखादं काम केलं असेल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. पाच आठवडे ते फक्त सव्वा रुपये मोजत होते, आणि तिकडे तो लाख रोज सकाळी उठून नंदेसरीला जात होता. पाच आठवडे घोटलेलं भाषण त्यांनी गिळलं आणि समोरच्या टपरीवर दोन चहा सांगितले.

मग नोटा मोजल्या. सोळाशेतून त्यांनी दोनशे चाळीस रुपये वेगळे काढले आणि मल्हाररावांच्या पुढे सरकवले.

"हे काय?"

"पाच ते तेरा तारीख पैसे माझ्या शालूत होते. त्या आठ दिवसांचं व्याज माझं. तुमच्याकडून कमी-जास्त कसं घेऊ? माझा धंदा काट्याचा आहे."

मल्हाररावांनी ते घेतले. त्यांना दुसरीकडे बघावं लागलं, म्हणून ते भिंतीवरचं वजनमाप खात्याचं प्रमाणपत्र वाचू लागले.

ते गेल्यावर सुभानरावांनी घरी फोन लावला. "मल्हारराव येऊन गेले."

पलीकडे कुकरचा आवाज. "सगळे दिले?"

"सगळे. वर व्याज."

"जेवला का तो?"

"दुकानात काय जेवणार? चहा पाजला."

"नुसता चहा? रविवारी दोघांना जेवायला बोलवा," कौशल्याबाई म्हणाल्या. मग कुकर उतरवून, "आणि तुम्ही आज लवकर या. फिरायला जाऊ."

सुभानरावांनी बँकेत जाऊन लाख रुपये भरले. फॉर्मवर रक्कम कशासाठी असा रकाना नव्हता. लाख भरले म्हणून दंड काही टळणार नव्हता. तो, वाढवण्याची फी आणि आपल्या वाट्याचं व्याज मिळून पाच हजारांच्या आसपास जाणार होते. भास्कररावांसारखा पहिल्याच दिवशी गप्प बसून दंड सोसला असता तर याच्या निम्म्यात सुटले असते. ते आता त्यांनी मनाला लावून घ्यायचं नाही असं ठरवलं.

"आता मार्चपर्यंत काही नाही ना?" त्यांनी धृतिबेनला निघता निघता विचारलं.

"काही नाही काका. फक्त जानेवारी ते मार्चची तिमाही आहे. दीड लाख, पंधरा दिवस. नाहीतर पुन्हा तीन हजार पाचशे चाळीस." मग काकांचा चेहरा बघून ती म्हणाली, "बंद केलीत तर आता सहा लाखांवर चौदा हजार एकशे साठ लागतील. मार्चमध्ये मीच तुमचा फॉर्म भरून देईन, फुकटात बंद करून टाकू."

सुभानराव बँकेच्या पायऱ्यांवर आले. स्कूटरवर बसले, किल्ली लावली, पण स्कूटर सुरू केली नाही. पंधरा दिवसांचं दीड लाखावर व्याज सहाशे अठ्ठ्याहत्तर. हिशेब पाकिटाशिवाय, तोंडीच सुटला. त्यांनी खिशातून फोन काढला आणि लावला. या खेपेला पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"मल्हारराव, जानेवारीत तुम्हाला पंधरा दिवसांसाठी दीड लाख लागतील का?"

पलीकडे टेम्पोचं इंजिन बंद झाल्याचा आवाज आला. "दाजी, तुमची तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम आहे. बोला, लागतील का?"

"पण दाजी," मल्हारराव चाचरत म्हणाले, "देवाच्या दयेनं मला आता पैशाची गरज नाही हो."

"अहो, गरज कुणाला आहे?" सुभानराव वैतागून ओरडले. "मला तरी कुठे होती!"